ट्रंबोची खबर आणि ट्रंबोचा नकार

हॉलिवूडचा पटकथाकार आणि कादंबरीकार डाल्टन ट्रंबो याच्याबद्दल लिहिणाऱ्यांचे दोन तट आहेत. २०१५ मध्ये त्याच्या आयुष्यावर चित्रपट आला, तेव्हापासून हे तट जास्तच घट्ट झाले. पहिल्या तटाचा ट्रंबो म्हणजे १९४७ मध्ये कम्युनिस्टांचा शोध घेणाऱ्या अमेरिकी प्रतिनिधिगृहाच्या चौकशी समितीसमोर मान न झुकवणारा, तुरुंगात जाणारा, मग टोपणनावाने पटकथा लिहून ऑस्कर मिळवणारा लेखक. दुसऱ्या तटाचा ट्रंबो म्हणजे ढोंगी कम्युनिस्ट: युद्धकाळात त्याने स्वतःच एफबीआय या अमेरिकेच्या केंद्रीय तपास संस्थेच्या तपासनिसांना घरी बोलावले, आपल्या कादंबरीच्या वाचकांची पत्रे त्यांच्यापुढे ठेवली, आणि तीनच वर्षांनी स्वतःवर पाळी आली तेव्हा त्याला विचारस्वातंत्र्य आठवले. पहिला तट पत्रांचे प्रकरण दोन ओळींत उरकतो. दुसरा तट त्या प्रकरणापलीकडे काही पाहतच नाही. माणूस एकदा देव किंवा दगड ठरवला की त्याच्या कृत्यांचा वेगवेगळा विचार करण्याचे कष्ट वाचतात, आणि या वादात दोन्ही बाजूंनी ते कष्ट वाचवले आहेत.

माझे म्हणणे सुरुवातीलाच सांगतो. १९४४ मध्ये ट्रंबोने केले तो अन्याय होता, आणि १९४७ मध्ये त्याने केले ते योग्य होते. पहिल्या कृत्याने दुसरे खोटे ठरत नाही. उलट १९४७ चा नकार का योग्य होता, याचा सर्वांत चांगला पुरावा १९४४ च्या त्याच्याच वागण्यात सापडतो.

आधी घडले काय ते पाहू. ट्रंबोची ‘जॉनी गॉट हिज गन’ ही युद्धविरोधी कादंबरी ३ सप्टेंबर १९३९ रोजी प्रसिद्ध झाली. हिटलर आणि स्टालिन यांच्या कराराला तेव्हा अकरा दिवस झाले होते आणि दुसरे महायुद्ध सुरू होऊन दोन. कादंबरीचा नायक जो बॉनहॅम पहिल्या महायुद्धात हात, पाय, डोळे, कान, तोंड सगळे गमावून बसलेला आहे. शुद्ध तेवढी शाबूत आहे. १९४० मध्ये अमेरिकन कम्युनिस्ट पक्षाच्या ‘डेली वर्कर’ने ही कादंबरी क्रमशः छापली, कारण अमेरिकेने युद्धात पडू नये ही तेव्हाची पक्षाची भूमिका होती. २२ जून १९४१ रोजी जर्मनीने सोव्हिएत संघावर हल्ला केला आणि ती भूमिका एका रात्रीत फिरली. त्याच वर्षी डिसेंबरात पर्ल हार्बर झाले. पुढे कादंबरीच्या प्रती संपल्या, आणि युद्ध चालू असेपर्यंत नवी आवृत्ती काढायची नाही असे लेखक आणि प्रकाशक या दोघांनी ठरवले.

यानंतर पत्रे येऊ लागली. ती लिहिणारे बहुतेक कडवे उजवे होते. अमेरिकेने जर्मनीशी तडजोडीचा तह करून ताबडतोब युद्ध थांबवावे ही त्यांची मागणी होती, आणि ही कादंबरी ज्यू, कम्युनिस्ट व आंतरराष्ट्रीय सावकारांनी दडपली आहे अशी त्यांची खात्री होती. उंची कागदावर लिहिणाऱ्या या मंडळींनी जुन्या प्रतीची किंमत सहा डॉलरांच्या वर नेली, नवी आवृत्ती काढावी म्हणून प्रकाशकाकडे पत्रांची मोहीम चालवली, आणि शांततेसाठी देशव्यापी मेळावा भरवून ट्रंबोने त्याचा पुढारी व्हावे असाही प्रस्ताव ठेवला. नाझींना अनुकूल म्हणून स्थानबद्ध केलेल्या लोकांच्या छावण्यांपर्यंत त्यांचा पत्रव्यवहार पोचत होता, असे ट्रंबोने पुढे लिहिले आहे. मित्रांच्या आग्रहावरून त्याने एफबीआयला कळवले. तपासनिसांची जोडी घरी आली. तिला पत्रांत फारसा रस नव्हता. रस होता तो ट्रंबोमध्ये.

त्या भेटीनंतर त्याने एफबीआयला एक लांबलचक पत्र लिहिले. टीकाकार ते नव्याने उजेडात आलेले गुपित असल्यासारखे मांडतात. प्रत्यक्षात ट्रंबो हयात असताना, १९७० मध्ये निघालेल्या त्याच्या पत्रसंग्रहात ते छापलेले आहे. त्यात तो तपासनिसांना सांगतो की राष्ट्राध्यक्षांची बदनामी, पराभूत वृत्ती, शांततावाद, ज्यूद्वेष या जर्मनीला मदत करणाऱ्या प्रचाराचा शेवट व्हावा, ही त्याचीही इच्छा आहे. या यादीत शांततावाद आहे. विसाव्या शतकातील सर्वांत भेदक युद्धविरोधी कादंबऱ्यांपैकी एक लिहिणारा माणूस शांततावादाला राजद्रोही प्रचाराच्या रांगेत बसवतो आणि ते पोलिसांना लिहून देतो. त्याच्या चाहत्यांनी ही ओळ टाळू नये.

आता त्याच्या बाजूने जे जे म्हणता येईल ते पूर्ण ताकदीने मांडले पाहिजे. ते वर्ष १९४४ होते. युरोपात ज्यूंचा संहार चालू होता. पत्रे लिहिणारे निरुपद्रवी म्हातारे शांततावादी नव्हते. अमेरिकेने हिटलरला सोडून द्यावे असे ते म्हणत होते, संघटितपणे म्हणत होते, आणि स्थानबद्ध नाझी समर्थकांशी त्यांचा संपर्क असल्याचा संशय होता. शिवाय ट्रंबोला यातून मिळणार काहीच नव्हते. नोकरी टिकवायची नव्हती, पैसे मिळणार नव्हते, कुणाचा धाक नव्हता. ही पत्रेही त्याच्या नावाने आलेली, न मागता आलेली. समोर शत्रूचे हस्तक दिसत असताना गप्प बसावे, असे कोणता नागरिक म्हणेल?

या प्रश्नाचे उत्तर देताना एक फरक धरून ठेवावा लागतो. १३ जून १९४२ च्या मध्यरात्री न्यू यॉर्क राज्यात लाँग आयलंडच्या अॅमागॅन्सेट किनाऱ्यावर तटरक्षक दलाचा जॉन कलन हा जवान एकटाच गस्त घालत होता. धुक्यात त्याला चार माणसे दिसली. त्यांनी मच्छीमार असल्याचे सांगितले, त्यांपैकी एक जर्मन बोलला, आणि कलनच्या हातात २६० डॉलर कोंबून सगळे विसरून जायला सांगितले. कलनने पैसे घेतले, धावत ठाण्यावर गेला आणि वर्दी दिली. ती माणसे जर्मन पाणबुडीतून उतरलेले घातपाती होती आणि त्यांनी स्फोटके वाळूत पुरली होती. कलनने कळवले ते एक कृत्य होते: ठिकाण, वेळ, लाच, वाळूतले खोके. दुसऱ्या कुणाला तिथे जाऊन खणून पाहता येत होते. ट्रंबोने कळवले ते काय होते? अमुक माणूस अमुक मत बाळगतो, अमुक पुस्तक पुन्हा छापा म्हणतो, अमुक मेळावा भरवू पाहतो. यात खणून पाहण्यासारखे काही नाही. एखाद्या पत्रात स्थानबद्धांच्या छावणीशी गुप्त दळणवळणाचा ठोस तपशील असेल, तर तेवढे पत्र कळवणे कलनच्या बाजूला बसते, हे मी मान्य करतो. पण ट्रंबोने स्वतः केलेली वर्गवारी तशी नव्हती. त्याच्या यादीतील बहुतेक गोष्टी म्हणजे मते होती.

अमेरिकेत त्या काळी मतावरून तुरुंगात टाकण्याची सोय होती का? होती, आणि ती ताजी होती. २८ जून १९४० चा स्मिथ कायदा सरकार उलथवण्याचा पुरस्कार करणे आणि सैन्यात अवज्ञा पसरवण्याचा प्रयत्न करणे हे गुन्हे ठरवत होता. शिक्षा दहा वर्षांपर्यंत. एप्रिल १९४४ मध्ये वॉशिंग्टनमध्ये याच कायद्याखाली उजव्या गटांतील ३० जणांवर एकत्रित खटला उभा राहिला होता. त्यांचे लेखन अनेकदा किळसवाणे होते. पण नाझी सरकारशी कट केल्याचा पुरावा म्हणून सरकारने बव्हंशी हेच दाखवले की यांची वाक्ये आणि बर्लिनची वाक्ये मिळतीजुळती आहेत. सात महिने खटला रेंगाळला, नोव्हेंबरअखेर न्यायाधीश वारले, आणि पुढे तो गुंडाळला गेला. एफबीआयला पत्रे देताना ट्रंबो नेमक्या याच यंत्राच्या जात्यात धान्य टाकत होता.

आणि हे जाते दोन्ही दिशांना फिरते, हे तेव्हाच दिसत होते. स्मिथ कायद्याचा पहिला मोठा वापर उजव्यांवर झालाच नव्हता. तो मिनिआपोलिसच्या ट्रॉट्स्कीवादी, म्हणजे स्टालिनविरोधी कम्युनिस्ट, कामगार पुढाऱ्यांवर झाला. डिसेंबर १९४१ मध्ये त्यांच्यातील १८ जणांना १२ ते १६ महिन्यांची शिक्षा झाली आणि ३१ डिसेंबर १९४३ रोजी ते तुरुंगात गेले. कम्युनिस्ट पक्षाने या खटल्याला पाठिंबा दिला होता, कारण ट्रॉट्स्कीवादी हे पक्षाचे वैरी. ट्रंबो पक्षात आला तो १९४३ च्या अखेरीस, म्हणजे ही माणसे तुरुंगाच्या दाराशी उभी असताना. १९४८ मध्ये त्याच कायद्याखाली कम्युनिस्ट पक्षाच्याच पुढाऱ्यांवर आरोपपत्र आले. १९४९ मध्ये ११ जण दोषी ठरले, त्यांतील दहांना पाच वर्षांची शिक्षा झाली आणि १९५१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. दुसऱ्याच्या गळ्याचे माप घेऊन वळलेला दोर आपल्या गळ्यात कसा अडकतो, याचे इतके लख्ख उदाहरण क्वचित मिळते.

इथे एफबीआयच्या त्या काळच्या कामाची पद्धत समजून घ्यायला हवी, कारण ट्रंबोचे चाहते आणि टीकाकार दोघेही चौकशी म्हणजे दोन माणसांचे संभाषण असल्यासारखे लिहितात. तपासनीस जोडीने येतात, त्यालाही कारण आहे: एक बोलतो, दुसरा ऐकतो आणि लक्षात ठेवतो, आणि पुढे जबानीवरून वाद झालाच तर साक्षीदार दोन असतात. भेटीनंतर टिपण तयार होते. टिपणात आलेल्या प्रत्येक नावाचे छोटे सूचीकार्ड बनते आणि ते लाखो कार्डांत अक्षरक्रमाने जाऊन बसते. ज्याची स्वतंत्र फाइल आहे त्याचा उल्लेख दुसऱ्याच्या फाइलमध्ये आला, तर तिकडचा संदर्भही कार्डावर चढतो. म्हणजे खबर देणारा आणि ज्याची खबर दिली तो, दोघेही एकाच कपाटात जातात. पत्रे घेऊन येणारा नागरिक स्वतःला साक्षीदार समजतो. दप्तराच्या लेखी तो आणखी एक नाव असतो.

अहवालात पुढची गडबड होते. माहिती देणाऱ्याचे नाव झाकण्यासाठी टी-१, टी-२ अशी चिन्हे वापरली जात. त्या चिन्हामागे शेजारी असू शकतो, पक्षातला पेरलेला माणूस असू शकतो, टेलिफोनला लावलेला कान असू शकतो, किंवा रात्री कुलूप उघडून काढलेली छायाचित्रेही असू शकतात. लॉस एंजेलिसमध्ये कम्युनिस्ट पक्षाच्या कार्यालयांत असे शिरून एफबीआयने सदस्य नोंदींची छायाचित्रे घेतली होती. अहवाल वाचणाऱ्या अधिकाऱ्याला या सगळ्या उगमांतला फरक कळत नाही. एकच अफवा टी-२ आणि टी-५ या दोघांच्या तोंडून आली की ती दोनदा खरी ठरल्यासारखी दिसते. चुकीची माहिती दुरुस्त होण्याची वाटच नाही, कारण जिच्याबद्दल ती आहे त्या व्यक्तीला ती आहे हेच ठाऊक नसते. जुलै १९४३ मध्ये खुद्द अॅटर्नी जनरल फ्रान्सिस बिडल यांनी आदेश काढला होता की आणीबाणीत अटक करण्याजोग्या माणसांची एफबीआयची यादी बेभरवशाची आहे, तिला कायद्याचा आधार नाही, ती वापरू नये. संचालक एडगर हूवर यांनी यादी ठेवली आणि तिचे नाव बदलले. ट्रंबोच्या दारात तपासनीस आले ते असल्या कार्यालयातून.

खबऱ्या नागरिकाला मोकळे रान दिले की काय होते, हे ट्रंबोला समजायला इतिहासात फार मागे जावे लागत नव्हते. जो बॉनहॅम ज्या युद्धात तुटला, त्याच युद्धात न्याय खात्याच्या आशीर्वादाने ‘अमेरिकन प्रोटेक्टिव्ह लीग’ नावाची संघटना उभी राहिली. सुमारे अडीच लाख स्वयंसेवक बिल्ले लावून शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या निष्ठेची चौकशी करत होते. सप्टेंबर १९१८ मध्ये न्यू यॉर्क परिसरात त्यांनी सैनिक आणि पोलिसांसोबत रस्त्यांवरून, नाट्यगृहांतून, स्थानकांवरून हजारो तरुण पकडले. सैन्यभरती टाळणारे त्यांत अगदी थोडे निघाले. समाजवादी पुढारी युजीन डेब्ज यांना त्याच वर्षी ओहायोतल्या कँटनमधील एका भाषणासाठी दहा वर्षांची शिक्षा झाली. भाषण युद्धविरोधी होते, म्हणजे जो बॉनहॅमच्या मनातले बोल माणसांपुढे उभे राहून बोललेले. ट्रंबोची कादंबरी १९१८ मध्ये आली असती, तर तिचा लेखक डेब्जच्या शेजारच्या कोठडीत असता. या शक्यतेचा विचार त्याने १९४४ मध्ये केला असता, तर हात थांबला नसता का?

मराठी वाचकाला हा मुद्दा परक्या देशातून समजावून घ्यायची गरज नाही. १८९७ च्या टिळकांच्या खटल्यात न्यायमूर्ती स्ट्रॅची यांनी राजद्रोहाच्या कलमातील अप्रीतीचा अर्थ ‘प्रीतीचा अभाव’ असा लावला. सरकारबद्दल प्रेम नसणे हाच गुन्हा! त्यामुळे मत हाच गुन्हा ठरला की काय होते, हे पुण्याला केव्हाच कळले होते. आणि ट्रंबोच्या कोड्याचे दुसरे अंगही आपल्याकडे आहे. २२ जून १९४१ ने अमेरिकेतला पक्ष फिरवला, तसाच भारतातलाही. साम्राज्यवादी युद्ध हे लोकयुद्ध झाले, जुलै १९४२ मध्ये सरकारने कम्युनिस्ट पक्षावरील बंदी उठवली, आणि पुढच्याच महिन्यात ‘छोडो भारत’ सुरू झाले तेव्हा पक्ष त्याच्या विरोधात उभा होता. त्या काळातील खबरगिरीचे आरोप आजतागायत होत राहतात. वाद घालण्याची पद्धतही तीच: एका बाजूला सगळे गद्दार, दुसऱ्या बाजूला सगळे द्रष्टे. कोणी, काय, कुणाला कळवले, आणि ते कृत्य होते की मत, हा प्रश्न दोन्हीकडच्या घोषणांत हरवून जातो.

ट्रंबोचे टीकाकार इथे म्हणतील, मग एलिया कझानला शिव्या आणि ट्रंबोला पुतळे कसे? प्रश्न रास्त आहे. दिग्दर्शक कझानने १० एप्रिल १९५२ रोजी समितीपुढे आपल्या आठ जुन्या सहकाऱ्यांची नावे घेतली, आणि १९९९ मध्ये त्याला मानद ऑस्कर मिळाले तेव्हा सभागृहातील काहीजण हात बांधून बसून राहिले. दोन्ही कृत्ये प्रामाणिकपणे ताडून पाहिली, तर पारडे सरळ एका बाजूला झुकत नाही. कझानने मित्रांची नावे घेतली, ट्रंबोने अनोळखी लोकांची पत्रे दिली. मैत्रीचा विश्वासघात ट्रंबोच्या खात्यावर नाही. कझानने नावे घेतली नसती तर त्याची चित्रपटातली कारकीर्द संपली असती. म्हणजे दबाव होता आणि बक्षीसही होते. ट्रंबोपुढे दोन्ही नव्हती. कझानने दिलेली नावे समितीला बहुधा आधीच ठाऊक होती. नावे घ्यायला लावण्यामागचा हेतू माहितीपेक्षा मानहानीचा होता, आणि म्हणूनच १९५१ मध्ये नट लॅरी पार्क्सने मला चिखलात रांगायला लावू नका अशी विनवणी केली होती. इथवर ट्रंबोचे कृत्य हलके दिसते. पण एका बाबतीत ते कझानच्या कृत्यापेक्षा वाईट होते. कझान उघड बोलला. ज्यांची नावे घेतली त्यांना ते कळले, त्यांना उत्तर देता आले, तोंडावर दार आपटता आले. ट्रंबोच्या पत्रलेखकांची नावे बंद खोलीत दिली गेली, आणि आपण ज्या लेखकाला आपला समजून मन मोकळे केले, त्यानेच कागद पुढे सरकवले, हे त्यांना कळायला मार्ग नव्हता.

जॉर्ज ऑर्वेलचे उदाहरण याच्या मधोमध बसते. मे १९४९ मध्ये, मृत्यूच्या काही महिने आधी, त्याने ब्रिटिश परराष्ट्र खात्याच्या प्रचार विभागाला ३८ नावांची यादी दिली: हे लोक कम्युनिस्ट कलाचे, त्यांच्याकडून तुमच्यासाठी लिहून घेऊ नका. त्या विभागाला कुणाला अटक करता येत नव्हती, म्हणून कायद्याने ही बाब ट्रंबोच्या प्रकरणापेक्षा सौम्य. पण यादी गुप्त होती, आणि मतांची होती. ऑर्वेलला माफ करणारे अनेकजण ट्रंबोला माफ करत नाहीत, आणि ट्रंबोला माफ करणारे ऑर्वेलला. कृत्याचे मोजमाप करताना माणूस कोणत्या पक्षाचा हे आधी पाहिले, की असे होते.

आता टीकाकारांचा सर्वांत जोरदार मुद्दा. तो खबरगिरीपुरता नाही, सगळ्या चारित्र्याचा आहे. ते म्हणतात, स्टालिनच्या छावण्यांबद्दल हा माणूस बोलला नाही. १९४६ मध्ये कम्युनिस्टविरोधी पुस्तकांचे चित्रपट हॉलिवूडमध्ये होत नाहीत याचे त्याने समाधान मानले. त्याच वर्षी पक्षातल्याच अल्बर्ट मॉल्ट्झ या पटकथाकाराने लेखकाला पक्षाच्या पट्टीने मोजू नका असे लिहिले, तेव्हा पक्षाने त्याला आपलेच शब्द गिळायला लावले, आणि त्याच पक्षात हा राहिला. अशा माणसाने विचारस्वातंत्र्याची ढाल पुढे केली तर ती ढाल खरी कशी मानायची? यातील आरोपांशी माझे भांडण नाही. निष्कर्षाशी आहे. हक्क हा चारित्र्याचा दाखला दाखवून मिळतो का? तसे असते तर तो फक्त सज्जनांना मिळाला असता, आणि सज्जन कोण हे ठरवण्याचे काम पुन्हा समितीकडेच गेले असते. १९४७ मध्ये प्रश्न ट्रंबो चांगला की वाईट हा नव्हता. एखाद्या नागरिकाने कोणत्या पक्षाचे आणि कोणत्या संघाचे सदस्य व्हावे, हे विचारण्याचा आणि उत्तर न दिल्यास तुरुंगात पाठवण्याचा अधिकार कायदेमंडळाच्या समितीला आहे का, हा होता. नाही, हे त्याचे उत्तर योग्य होते. ते उत्तर त्याच्या उजव्या पत्रलेखकांनाही तितकेच लागू होते. त्याने ते १९४४ मध्ये त्यांना लागू केले नाही हा त्याचा दोष आहे, उत्तराचा नव्हे. डॉक्टर स्वतः विड्या ओढतो म्हणून तंबाखूबद्दल त्याने सांगितलेले खोटे ठरत नाही.

नकार दिला म्हणजे नेमके काय केले, हेही पाहण्यासारखे आहे. उत्तर नाकारणाऱ्या, ट्रंबोसह हॉलिवूडच्या दहा साक्षीदारांनी पाचव्या घटनादुरुस्तीचा, म्हणजे स्वतःविरुद्ध साक्ष न देण्याच्या हक्काचा, आसरा घेतला असता तर ते कदाचित तुरुंगाबाहेर राहिले असते. त्यांनी पहिल्या घटनादुरुस्तीचा, म्हणजे विचार आणि भाषणस्वातंत्र्याच्या हमीचा, मार्ग धरला: हा प्रश्नच विचारता येत नाही. प्रतिनिधिगृहाने २४ नोव्हेंबर १९४७ रोजी अवमानाचा ठराव मोठ्या बहुमताने संमत केला. सर्वोच्च न्यायालयावर त्यांची आशा होती. पण १९४९ च्या उन्हाळ्यात मर्फी आणि रटलेज हे दोन उदारमतवादी न्यायमूर्ती दोन महिन्यांच्या अंतराने वारले, आणि एप्रिल १९५० मध्ये न्यायालयाने सुनावणीच नाकारली. ट्रंबोने केंटकीतील अॅशलँडच्या तुरुंगात सुमारे दहा महिने काढले. आपल्या १९४४ च्या वागण्याची किंमत त्याने अशी चुकती केली, असे काही चाहते लिहितात. ते मला पटत नाही. ज्यांचे देणे होते त्यांना यातले काही मिळाले नाही.

२८ ऑक्टोबर १९४७ ची ती सुनावणी पुन्हा वाचण्याजोगी आहे. ट्रंबोने स्वतःच्या पटकथांचा गठ्ठा सोबत आणला होता. माझ्या लेखनात देशद्रोह कुठे आहे ते दाखवा, असे त्याचे म्हणणे होते. अध्यक्ष पार्नेल थॉमस यांनी पाने फार आहेत म्हणून तो गठ्ठा नाकारला. निवेदन वाचू दिले नाही. आधी पटकथाकारांच्या संघाचे सदस्य आहात का असे विचारले, मग कम्युनिस्ट पक्षाचे. तेव्हा ट्रंबोने एक मागणी केली: या प्रश्नाला आधार म्हणून तुमच्यापाशी जो पुरावा असेल तो मला आधी दाखवा, मला तो पाहायचा आहे. अध्यक्ष म्हणाले, पाहाल, लवकरच पाहाल. ट्रंबोला साक्षीदाराच्या जागेवरून उठवण्यात आले. त्यानंतर समितीचा एक तपासनीस, जो पूर्वी एफबीआयमध्ये होता, त्याने ट्रंबोच्या नावाशी जोडलेल्या पक्षनोंदणीच्या कार्डाचा तपशील वाचून दाखवला. ज्याच्याविरुद्ध तो कागद होता, त्याला तो हातात घेऊन पाहता आला नाही, त्याबद्दल कुणाला प्रश्न विचारता आला नाही.

मला पुरावा दाखवा, ही मागणी त्या दिवशी त्या सभागृहातील सर्वांत न्याय्य गोष्ट होती. ‘जॉनी गॉट हिज गन’च्या शेवटाकडे जो बॉनहॅम डोके उशीवर आपटून मोर्सच्या खुणांनी सांगतो की मला बाहेर न्या, लोकांना मला पाहू द्या. उत्तर त्याच्या कपाळावर बोटाने ठोकले जाते: तू मागतोस ते नियमांत बसत नाही. हे लिहिणाऱ्या माणसाला बंद दप्तराची क्रूरता समजत नव्हती असे कोण म्हणेल? १९५९ मध्ये या कादंबरीच्या नव्या प्रस्तावनेत त्याने एफबीआयचा प्रसंग स्वतःहून सांगितला, आपण मूर्खपणाने खबर दिली असे लिहिले, आणि तेव्हापासून एफबीआयची आपल्यावर नजर आहे ते आपल्याला योग्यच मिळाले अशी कबुली दिली. त्या कबुलीचे मोल मी कमी लेखत नाही. इतके स्वतःविरुद्ध लिहिणारे लेखक थोडे. पण ती कबुली स्वतःच्या फसगतीची आहे. उंची कागदावर ज्यूद्वेषी पत्रे लिहिणारी ती माणसे प्रस्तावनेत हास्यास्पद म्हणूनच उरतात. त्यांची नावे कोणत्या कार्डावर चढली, त्यापुढे काय शेरा पडला, हे पाहण्याची मागणी करायला त्यांना ना समिती मिळाली, ना व्यासपीठ, ना साक्षीदाराची खुर्ची.